मिडी फूट पेडल

मिडी फूट पेडल हे पायाने चालवायचे नियंत्रक उपकरण आहे. इलेक्ट्रिक गिटारचे संगणकावर ध्वनिमुद्रण करताना वादकाचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. अशा वेळी इफेक्ट प्लगइन चालू-बंद करणे, त्याची तीव्रता बदलणे किंवा एका ध्वनिरचनेवरून दुसरीवर जाणे ही कामे या पेडलने केली जातात. या पेडलमधून गिटारचा ध्वनी जात नाही. त्यातून केवळ मिडी मानकानुसार अंकरूप संदेश पाठवले जातात.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात प्रचारात आलेल्या वाह-वाह पेडलमध्ये गिटारचा विद्युतसंकेत पेडलमधूनच जात असे आणि पायाच्या हालचालीने त्यावर थेट परिणाम होई. १९८३ साली मिडी मानक अस्तित्वात आल्यावर नियंत्रण आणि ध्वनी यांचे मार्ग वेगळे करणे सुलभ झाले. या मानकाच्या निर्मितीत डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांचा प्रमुख वाटा होता. त्यासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हे प्लगइन मानक आणले. १९९९ मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्लगइनला मिडी संदेश स्वीकारता येऊ लागले.

रचना

पेडलवर साधारणतः दोन प्रकारचे भाग असतात. पहिला प्रकार पायाने दाबायच्या बटणांचा. काही बटणे दाबल्यावर १२७ आणि सोडल्यावर ० हे मूल्य पाठवतात, तर काही बटणे प्रत्येक दाबाला ही मूल्ये आळीपाळीने पाठवतात. दुसरा प्रकार एक्स्प्रेशन पेडलचा. त्याची पट्टी टाच ते चवडा अशी झुकते आणि आतील परिवर्ती रोधाची स्थिती ० ते १२७ या अंकांत रूपांतरित होते. बेहरिंगर कंपनीच्या एफसीबी१०१० या नियंत्रकात बारा बटणे आणि दोन एक्स्प्रेशन पेडल आहेत.

संदेशांचे प्रकार

- प्रोग्रॅम चेंज : साठवून ठेवलेल्या १२८ ध्वनिरचनांपैकी एक निवडतो.
- कंट्रोल चेंज : वाहिनी, नियंत्रक क्रमांक आणि मूल्य कळवतो. प्रघातानुसार ७ हा क्रमांक ध्वनितीव्रतेसाठी, ११ एक्स्प्रेशनसाठी आणि ६४ सस्टेनसाठी वापरतात.

मिडीच्या १६ वाहिन्या असतात. पेडल आणि प्लगइन यांची वाहिनी जुळत नसल्यास संदेश पोहोचूनही परिणाम दिसत नाही.

सॉफ्टवेअरशी जोडणी

पेडल यूएसबीद्वारे किंवा पाच पिनांच्या मिडी केबलने ऑडिओ इंटरफेसमार्फत संगणकाला जोडले जाते. त्यानंतर संदेश प्लगइनपर्यंत दोन मार्गांनी नेता येतो.

पहिल्या मार्गात ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर स्वतः संदेश स्वीकारून प्लगइनचा ठरावीक घटक बदलते. ‘लर्न’ ही सुविधा निवडून पेडल हलवले की दोहोंची सांगड बसते. दुसऱ्या मार्गात संदेश थेट प्लगइनकडे पाठवला जातो. येथे अडचण उद्भवते, कारण गिटारचा ट्रॅक ध्वनीचा असतो आणि मिडी वेगळ्या प्रवेशमार्गाने येते. रीपरमध्ये एका ट्रॅकला एका वेळी एकच प्रवेशस्रोत निवडता येत असल्याने मिडी दुसऱ्या ट्रॅकवर घेऊन गिटारच्या ट्रॅककडे वळवली जाते. क्युबेसमध्ये मिडी ट्रॅकचे निर्गम म्हणून संबंधित प्लगइन निवडावे लागते.

ध्वनिमुद्रणातील उपयोग

गिटारचा मूळ, इफेक्टविरहित संकेत आणि पायाची हालचाल वेगवेगळी नोंदवली जाणे हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय. पहिल्या मार्गात हालचाल ऑटोमेशन रेषा म्हणून, तर दुसऱ्या मार्गात मिडी नोंद म्हणून साठवता येते. वाह-वाह पेडल उशिरा दाबले गेले असल्यास पुन्हा वादन न करता केवळ ती नोंद सरकवता येते. मात्र ऑटोमेशनचे लेखन किंवा मिडी ट्रॅकचे मुद्रण सुरू केलेले नसेल, तर वादनाच्या वेळी परिणाम ऐकू येतो, परंतु हालचाल जतन होत नाही आणि पुनःश्रवणात ती नाहीशी झालेली आढळते.

मर्यादा

कंट्रोल चेंजच्या १२८ पायऱ्यांमुळे तीव्रता किंवा फिल्टर वेगाने बदलताना खरखर ऐकू येऊ शकते. अनेक प्लगइन मधली मूल्ये भरून हा दोष कमी करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडी २.० मध्ये कंट्रोल चेंजसाठी ३२ बिटांची सोय आहे.

पाच पिनांच्या केबलवर मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असतो. त्यामुळे तीन बाइटांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. याउलट ४८,००० हर्ट्झ नमुनादराला २५६ नमुन्यांचा बफर ठेवल्यास त्यातच सुमारे ५.३ मिलिसेकंद जातात. म्हणून जाणवणारा विलंब बहुधा पेडलचा नसून बफरचा असतो.

स्वतंत्र एक्स्प्रेशन पेडलच्या प्लगमधील जोडणीक्रम सर्व उत्पादकांचा सारखा नसतो. क्रम न जुळल्यास पेडल अपुऱ्या पल्ल्यात किंवा अनियमित चालते. त्यामुळे नियंत्रकाशी जुळणारे पेडल निवडणे आणि टाचेची व चवड्याची टोके वापरापूर्वी निश्चित करून घेणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

- मिडी
- इलेक्ट्रिक गिटार
- वाह-वाह पेडल