अर्ध्या सेकंदाचा उशीर : 'एक्सझेड'मधील फितुरी (२०२१–२०२४)

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडेचा दिवस. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी सुरक्षातज्ज्ञांच्या एका सार्वजनिक ई-मेल यादीवर पत्र पाठवले. फ्रॉइंड स्वतः सुरक्षातज्ज्ञ नव्हेत. डेटाबेसचा वेग मोजत असताना, दूरच्या संगणकात प्रवेश देणारी 'एसएसएच' ही सेवा विनाकारण प्रोसेसर खात आहे, असे त्यांना दिसले. ज्या लॉगिनला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागत, त्याला आता ०.८ लागत होते. मधल्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागेना. तो लावता लावता त्यांना चोरदरवाजा सापडला.

दरवाजा एसएसएचमध्ये नव्हताच. तो होता 'एक्सझेड युटिल्स'मध्ये. फाइल्स दाबून लहान करणारे हे एक साधे, जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकावर असलेले मुक्त सॉफ्टवेअर. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी एसएसएचला 'सिस्टमडी'शी जोडले होते आणि सिस्टमडीबरोबर एक्सझेडही आत येत असे. मुख्य वेशीवर कडेकोट पहारा, पण शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची भिंत वाड्याला लागून, असा हा प्रकार.

या भिंतीचा राखणदार एकच होता. फिनलंडचे लासे कॉलिन हे काम वर्षानुवर्षे विनावेतन, हौसेने करत आले होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने एक किरकोळ दुरुस्ती आली. मग आणखी काही आल्या. सगळ्या उपयुक्त, निर्दोष. एप्रिल २०२२ पासून मात्र इतर अपरिचित नावांनी तक्रारींचा सूर लागला: दुरुस्त्या स्वीकारायला इतका वेळ का, नवा सांभाळणारा का नेमत नाही. जूनमध्ये कॉलिन यांनी जाहीर उत्तर दिले. प्रकल्पातला रस संपलेला नाही. पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे शक्ती मर्यादित आहे आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असा त्याचा आशय होता. उत्तरादाखल आणखी दडपण आले. तक्रार करणारी ही नावे त्याआधी फारशी कुठे आढळत नाहीत आणि काम साधल्यावर दिसेनाशी होतात. तो सारा देखावा होता, हे सिद्ध झालेले नाही. पण बहुतेक अभ्यासक तसेच मानतात.

आपल्याकडे गड फितुरीने पडल्याच्या हकिकती वाचताना किल्लेदार फोडला गेला, असे आपण गृहीत धरतो. इथे किल्लेदार फुटला नाही. त्याला थकवले गेले, आणि मदतीला आलेल्या माणसाच्या हाती त्याने विश्वासाने किल्ल्या दिल्या. २०२३ च्या प्रारंभापासून जिया टॅन स्वतः बदल नोंदवू लागला, आवृत्त्याही प्रकाशित करू लागला.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० आणि ९ मार्चला ५.६.१ ही आवृत्ती आली. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटाव्यात अशा फाइल्समध्ये दडवला होता. असल्या फाइल्स उघडून वाचण्याच्या भानगडीत कोण पडतो? त्यांना जागे करणारी सूचना सर्वांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. जिच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली आहे, अशा व्यक्तीला पासवर्डाविना बाधित सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता यावी, अशी ही रचना. या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक आणि तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले.

२०१४ चा 'हार्टब्लीड' गाजला, तोही मुक्त सॉफ्टवेअरमधलाच. पण ती अनवधानाने झालेली चूक होती. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात मांडलेली शंका इथे अधिक जवळची आहे. जो प्रोग्राम आपण स्वतः पूर्णपणे लिहिला नाही, त्यावर विश्वास ठेवायचा तो अखेर लिहिणाऱ्या माणसांवर. ते व्याख्यान १९८४ मध्ये छापून आले.

जिया टॅन कोण? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची अडचण येते. साधने विपुल आहेत, समकालीन आहेत, प्रत्येक नोंदीवर मिती आणि वेळही आहे. बहुतेक नोंदी चीनच्या प्रमाणवेळेच्या. मोजक्या मात्र पूर्व युरोपच्या. काहींनी असेही दाखवले की चिनी नववर्षाच्या सुट्टीत काम चालू दिसते. परंतु या नोंदींतली वेळ लिहिणाऱ्याच्याच संगणकावरून येते आणि ती हवी तशी बदलता येते. बनावट कागदावरची मिती कागद करणाराच घालतो. त्यामुळे 'चीनचा हात' किंवा 'रशियाचा हात' असे ठासून सांगणाऱ्या पोस्ट्स सावधपणे वाचाव्यात. अडीच वर्षांची चिकाटी पाहता मागे एखादे राष्ट्र असावे, हा तर्क सबळ आहे. पुरावा अद्याप नाही.

वेळ किती थोडा उरला होता, हे तारखांवरून कळते. डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या विकासशाखेत आणि ओपनसुसे टंबलवीडमध्ये बाधित आवृत्ती पोहोचली होती. मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत अजून नव्हती. २८ मार्चला जिया टॅनच्या नावाने उबुंटूकडे ५.६.१ घेण्याची विनंती नोंदवली गेली. उबुंटूची दीर्घकाळ वापरात राहणारी २४.०४ ही आवृत्ती पुढच्याच महिन्यात यायची होती. फ्रॉइंड यांचे पत्र दुसऱ्या दिवशीचे.

पत्रानंतर काही तासांतच वितरणांनी जुन्या आवृत्तीकडे माघार घेतली. कॉलिन परतले आणि दोन वर्षांच्या नोंदी तपासू लागले. चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी प्रकाशित झाली, त्या पत्रानंतर बरोबर दोन महिन्यांनी.