लारीवरची अक्षरे

इस्लामी राजवटींत खुतबा आणि सिक्का ही सार्वभौमत्वाची दोन चिन्हे मानली जात. जुम्याच्या खुतब्यात घेतलेले सुलतानाचे नाव त्या दिवसापुरते ऐकू येई. नाण्यावरचे नाव मात्र मातीत टिकून राहिले. म्हणूनच जमिनीतून निघणारे जुने नाणे म्हणजे केवळ चांदी नव्हे, तो दस्तऐवज आहे.

कोकणाशी निगडित असलेली लारी हे त्याचे चांगले उदाहरण. इराणमधील लार शहरावरून तिचे नाव पडले. गोल नाणे नव्हेच ते. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेला. वजन साधारण पावणेपाच ग्रॅम. होर्मुझ आणि इराणी आखाताच्या व्यापारातून हे चलन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले, मालदीव आणि श्रीलंकेतही चालले. विजापूरचा दुसरा अली आदिलशहा (१६५६ ते १६७२) याने स्वतःच्या नावाने लाऱ्या पाडल्या.

तार अरुंद आणि ठसा मोठा, त्यामुळे एका लारीवर मजकुराचा तुकडाच उमटतो. एकीवर ‘अली’ दिसेल, दुसरीवर ‘आदिल’, तिसरीवर हिजरी सनाचे एक-दोन आकडे. अनेक लाऱ्या शेजारी ठेवल्या तरच पूर्ण मजकूर जुळतो. ठेव फुटली, चार सराफांकडे गेली, की ते वाक्य कायमचे तुटले.

आज मेटल डिटेक्टर सहज विकत मिळतो. यंत्र धातू कुठे आहे ते सांगते. तो कोणत्या थरात, कोणत्या मडक्यात, कशाच्या सोबतीने पडला होता, हे सांगत नाही. घाईने उकरले की तेवढा पुरावा गेला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास कैदेची शिक्षा होऊ शकते. ठेवीवर कुणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा. सरकारला ती हवी असल्यास धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येते. संरक्षित पुरातत्त्वस्थळी तर परवान्याशिवाय खणताच येत नाही.

उरलेला घात घरी होतो. चांदीवरचा काळा थर सल्फाइडचा, राखी थर क्लोराइडचा, हिरवा डाग मिसळीतल्या तांब्याचा. चिंच, लिंबू, राख लावून नाणे घासले की ते चकाकते, पण उथळ अक्षरे झिजतात. नुक्ते आणि सनाचे आकडे तर आधी जातात, आणि काळ ठरतो तो त्यांच्यावरूनच. माती काढायची तर शुद्ध पाण्यात भिजवावे, मऊ कुंचला हलक्या हाताने फिरवावा, न चोळता सुकू द्यावे. पुढचे काम संग्रहालयातील रसायनज्ञाचे.

पेशव्यांच्या काळातील अंकुशी रुपयावरही फारसीत बादशहा शाहआलमचे नाव आहे. महाराष्ट्राचा इतिहास असा एकमेकांत मिसळलेला आहे, आणि तो नाकारणाऱ्यांना उत्तर द्यायला घोषणा लागत नाही. वाचता येणारे नाणे पुरते. उर्दू लिपी ओळखणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांनी अशी नाणी वाचायला शिकावे. नाहीतर आपल्याच हातांनी आपण आपला पुरावा घासून पुसून टाकू.