दोन आघाड्यांचे युद्ध आणि कोलमडलेले वेळापत्रक

पहिल्या महायुद्धाची कारणे पाठ करताना एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. सहा आठवड्यांत फ्रान्सला नमविण्यासाठी निघालेले शिस्तबद्ध जर्मन सैन्य चार वर्षे खंदकांत का अडकून पडले?

१८९४ मध्ये फ्रान्स व रशिया यांची लष्करी युती झाली आणि जर्मनी कात्रीत सापडला. सेनाप्रमुख श्लीफेन यांनी १९०५ च्या अखेरीस फ्रान्सवरील स्वारीचे टिपण लिहिले. ते प्रत्यक्ष योजना होते की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु १९१४ ची मोहीम याच विचारावर उभी होती. हिशेब सरळ होता. रशियाला सैन्य जमविण्यास वेळ लागेल. तोवर बेल्जियममधून वळसा घालून फ्रान्सला हरवावे आणि मग रेल्वेने फौजा पूर्वेकडे न्याव्यात.

कागदावर सारे चोख होते. पण बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहाने दिलेली होती. ती मोडताच ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले. लिएजच्या किल्ल्यांनी १६ ऑगस्टपर्यंत झुंज दिली. रशियाही अपेक्षेपेक्षा लवकर पूर्व प्रशियात घुसला. घाबरून सेनाप्रमुख मोल्टके यांनी दोन कोअर पश्चिमेकडून हलविल्या. त्या पोहोचण्यापूर्वीच टॅनेनबर्गची लढाई जर्मनीने जिंकली होती! इकडे पायपीट करून थकलेल्या सैन्याच्या दोन तुकड्यांत खिंड पडली, आणि सप्टेंबरमध्ये मार्न नदीकाठी त्याला माघार घ्यावी लागली.

ब्रिटनबरोबर त्याच्या साम्राज्याचे सैनिकही आले. त्यात आपले हिंदी जवान होते. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये जखमी अवस्थेतही मशीनगन चालवीत राहिलेले शिपाई खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे पहिले हिंदी सैनिक ठरले. जर्मन हिशेबात अशा माणसांचा रकाना नव्हता.

सर्वांत बोलका प्रसंग १ ऑगस्टचा आहे. फ्रान्स तटस्थ राहील अशी चुकीची बातमी आली, तेव्हा कैसरने सारे सैन्य पूर्वेकडे वळविण्यास सांगितले. मोल्टके म्हणाले, ते अशक्य आहे. केवळ रशियाविरुद्धची स्वतंत्र योजना १९१३ मध्येच बंद करण्यात आली होती. ज्या वेळापत्रकाने माणसांची सेवा करायची, त्यानेच माणसांना बांधून टाकले. त्याची किंमत लाखो घरांनी मोजली.

विद्यार्थी मित्रहो, नियोजन हवेच. परंतु दुसरा आपल्या अंदाजाप्रमाणेच वागेल असे गृहीत धरू नये, आणि दुसरी वाट कधी बंद करू नये. पालकांनीही मुलांच्या भवितव्याचा आराखडा आखताना, मुलाचा कल वेगळा निघाला तर काय, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा. मशवरा करावा, आणि चूक दिसताच आराखडा बदलण्यात कमीपणा मानू नये.