रंगाच्या पाण्यावर पाणवनस्पतींचा इलाज: सोलापूरला कितपत उपयोगी?

सोलापूर म्हटलं की चादर आणि टेरी टॉवेल. पण विणण्याआधी सूत रंगवावं लागतं आणि रंगवल्यावर उरतं ते रंगीत पाणी. कापसाच्या सुताला जे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात, त्यातला साधारण 10 ते 40 टक्के रंग सुताला धरतच नाही, धुण्याच्या पाण्यात निघून जातो. मोठा कारखाना शुद्धीकरण यंत्रणा बसवू शकतो. चार-पाच कामगारांवर चालणाऱ्या छोट्या डाईंगवाल्यानं काय करायचं?

एक स्वस्त पर्याय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बरीच वर्षं तपासला गेला. प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगाच्या सांडपाण्यावर वेगवेगळ्या वनस्पती लावून पाहिल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाणकणीस आणि कोद्रा या दोन वनस्पती एकत्र लावल्या होत्या. हो, तोच कोद्रा, ज्याचा भात गरिबाघरी शिजायचा! एकेकटीपेक्षा दोघींची जोडी जास्त चांगलं काम करते, असं त्यात दिसलं.

हे घडतं कसं? बहुतेक रंग ‘अ‍ॅझो’ प्रकारचे असतात. त्यांच्या रेणूतला नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की रंग जातो. मुळांभोवतीचे जिवाणू आणि वनस्पतींमधली विकरं (एन्झाइम) मिळून हा बंध तोडतात. पण रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही. बंध तुटल्यावर काही अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होतात, त्यातली काही विषारी असतात. ती मोडायला ऑक्सिजन लागतो. म्हणून नुसतं डबकं करून भागत नाही, खडी-वाळूचा थर आणि त्यात भरपूर मुळं हवीत.

जागेचा हिशेब सोपा आहे. समजा रोज 20 हजार लिटर पाणी निघतं आणि ते 5 दिवस मुळांत थांबवायचं. खडीत मोकळी जागा 40 टक्के आणि थराची खोली 60 सेंटिमीटर धरली, तर साधारण 4 गुंठे लागतात. एमआयडीसीतल्या प्लॉटवर तेवढी जागा कुठून आणणार? तीन-चार डाईंगवाल्यांनी मिळून केलं तरच जमेल.

खरी अडचण मात्र मिठाची आहे. रंग सुतात उतरावा म्हणून लिटरमागे 50 ग्रॅमच्या आसपास मीठ टाकतात, गडद रंगाला त्याहून जास्त. वनस्पती रंग मोडतात, मीठ नाही. उलट उन्हानं पाणी आटलं की खार वाढतो आणि झाडंच जळतात. ते पाणी विहिरीत मुरलं, तर शेतीला आणि प्यायलाही जड. 2016 च्या नियमांनुसार विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 2100 मिलिग्रॅम आहे.

म्हणून रंगकुंडाचं पहिलं खारट पाणी वेगळं काढावं आणि प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात उन्हावर आटवावं. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्यावा. वनस्पतींकडे धुण्याचंच पाणी सोडावं, तेही आम्लता जुळवून आणि थंड करून.

जलपर्णी फुकट मिळते, पण ती लावू नये. कंबर तलावाचं तिनं काय केलं, ते शहरानं पाहिलंय. पाणकणीस, वाळा किंवा कर्दळ बरी. कापलेला पाला मात्र जनावरांपुढे टाकू नये.