अँडीजची लिंबूगंधी मिरची
सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्यात उतरलेली आणि पुढे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात कायमची रुजलेली मिरची प्रामुख्याने ‘कॅप्सिकम अॅन्युअम’ या मेक्सिकोच्या परिसरातील प्रजातीची आहे. दक्षिण अमेरिकेत लागवडीखाली आलेली ‘कॅप्सिकम बॅकॅटम’ ही तिची भावंड प्रजाती मात्र बहुतांशी आपल्याच खंडात राहिली, आणि त्यामुळे मिरचीच्या जगप्रवासाच्या इतिहासात तिच्या वाट्याला अन्यायकारक दुर्लक्ष आले. याच प्रजातीत पेरू देशातील ‘आही लिमोन’ मोडते. तिचे फळ बोटाएवढे, निमुळते, सुरकुतलेले आणि पिकल्यावर झळझळीत पिवळे असते, व चावताच आधी लिंबाच्या सालीसारखा वास दरवळून मग तिखटपणा जाणवतो. उत्तर पेरूच्या किनाऱ्यावरील ‘आही लिमो’ ही नामसाधर्म्यामुळे तिच्याशी गल्लत होणारी, पण वेगळ्या प्रजातीची मिरची होय.

पेरूच्या किनाऱ्यावरील हुआका प्रिएता येथील उत्खननात मिरचीचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. इंकांच्या उत्पत्तिकथेतील चार भावांपैकी एकाचे नाव आयार उचू आहे, आणि ‘उचू’ म्हणजे केचुआ भाषेत मिरची. स्पॅनिश सरदार व इंका राजघराण्यातील स्त्री यांचा पुत्र असलेल्या गार्सिलासो दे ला वेगाने 1609 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवले आहे, की इंकांच्या कडक उपवासात मीठ आणि उचू वर्ज्य असे. ज्या पदार्थाचा त्याग हेच व्रत ठरते, त्याचे रोजच्या जेवणातील स्थान याहून स्पष्टपणे क्वचितच सांगता येईल.

लिंबूवर्गीय झाडे मात्र अमेरिकेत मुळात नव्हती. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत त्यांचे बी कॅरिबियन बेटांवर नेले, आणि 1532 मध्ये स्पॅनिश सेनानी पिसारोने इंका साम्राज्यावर स्वारी केल्यानंतर स्पॅनिशांबरोबर ती पेरूतही पोहोचली. लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाच्या ‘सेबिचे’ या पदार्थात पुढे हा परका रस आणि देशी मिरची एकत्र आली.

शेतात बॅकॅटम ही प्रजाती फुलावरून ओळखता येते, कारण भारतीय मिरचीच्या फुलाच्या पाकळ्या निखळ पांढऱ्या असतात, तर हिच्या पाकळ्यांच्या तळाशी हिरवट-पिवळे ठिपके असतात. फळ उशिरा पिकत असल्याने तिला दीर्घ, हिममुक्त हंगाम लागतो. अँडीजमधील घरांत मिरची ‘बातान’ या सपाट दगडावर वाटतात. त्याचा वरचा अर्धचंद्राकृती दगड वरवंट्याप्रमाणे पुढे-मागे सरकवत नाहीत, तर डावी-उजवीकडे झुलवतात. लिंबूगंध उडून जाणारा असल्याने ही मिरची फार न शिजवता कच्ची चिरून वापरणे इष्ट ठरते. शिवाय तिची साल पातळ असल्यामुळे ती उन्हात सहज वाळते व तिची पिवळी पूड करता येते, जे ‘रोकोतो’ या जाड गराच्या अँडीयन मिरचीच्या बाबतीत सहसा साधत नाही.