साप गाडीत बसतो, औषध मागे राहतं

आजचा विषय ऐकून काही जण हेडफोन काढतील, पण थोडं थांबा. विषय आहे, साप सोबत घेऊन लांबचा प्रवास.

अमेरिकेत किंवा युरोपात पाळलेला साप घेऊन घर बदलणारे लोक आहेत. सोफा, टीव्ही, मांजर आणि अजगर, सगळं एकाच गाडीत. त्याचं तंत्र अगदी साधं आहे. साप कापडी पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात, आणि डबा उन्हापासून लांब. निघायच्या आधी काही दिवस त्याला खायला देत नाहीत, कारण भरल्या पोटी हलवलं तर तो खाल्लेलं बाहेर टाकतो.

आपल्याकडे हा प्रश्न येतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, घोणस, धामण, अजगर, यांपैकी काहीही घरात ठेवता येत नाही. गारुड्याची टोपलीसुद्धा याच कायद्याने बंद केली. परदेशी साप 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल, तर त्याची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले.

मग या विषयावर अख्खा भाग कशाला? कारण साप लांब नेण्याच्या इतिहासातूनच सर्पदंशाचं इंजेक्शन जन्माला आलं. आणि त्या इतिहासातला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तो प्रश्न थेट आपल्या भातसानगरपर्यंत, शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांपर्यंत येतो.

पिंपातले नाग

साल १८९१. अल्बेर काल्मेत नावाचा तरुण फ्रेंच डॉक्टर सायगावला, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, प्रयोगशाळा चालवत होता. मेकाँगच्या मुखाजवळ बाक लियू भागात पूर आला आणि पाण्यामुळे नाग गावात शिरले. चाळीसेक जणांना दंश झाला, त्यातले चार दगावले. गावातून पकडलेले नाग एका पिंपात भरून काल्मेतकडे पाठवले गेले. विषावरच्या त्याच्या कामाची ही सुरुवात.

पुढे तो फ्रान्समध्ये लील शहरात गेला. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देत जायचं, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की ते काढून घ्यायचं. ही पद्धत त्याने १८९५ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. आजही मूळ पद्धत तीच आहे. पण काल्मेतची एक समजूत होती. त्याला वाटायचं, नागाच्या विषावर बनवलेलं हे औषध जगातल्या कुठल्याही विषारी सापावर चालेल.

परळची प्रयोगशाळा

ही समजूत मोडण्यात मुंबईचाही वाटा आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस बनवली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे जॉर्ज लॅम्ब नावाचा लष्करी डॉक्टर सापांच्या विषावर काम करत होता. त्याने काल्मेतचं औषध आपल्याकडच्या विषांवर तपासलं. नागाच्या विषावर ते चाललं, घोणशीच्या विषावर नाही.

तिकडे ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्येही हाच अनुभव येत होता. थोडक्यात, ज्या सापाचं विष, त्याचंच औषध.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. कोड एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवला आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी तिथे नसल्या, की तो चालत नाही. 'माझ्या मशीनवर तर चालत होता' हे आमच्याकडचं सगळ्यात जुनं रडगाणं. काल्मेतचं औषध सायगावच्या नागावर चालत होतं.

रेल्वेने साप पाठवा, बदल्यात औषध घ्या

यावर ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील या डॉक्टरने फार व्यवहारी तोडगा काढला. साओ पावलोजवळची बुतांतां संस्था १९०१ मध्ये सुरू झाली. औषध स्थानिक सापांच्याच विषापासून बनवायचं, तर साप हवेत, आणि साप तर शेतात. मग संस्थेने शेतकऱ्यांना लाकडी खोकी दिली. साप पकडा, खोक्यात घाला, जवळच्या स्टेशनवर नेऊन द्या. रेल्वे ते फुकट पोचवणार, आणि संस्था बदल्यात प्रतिविष आणि ते टोचायची सिरिंज पाठवणार.

म्हणजे ज्या मळ्यातून साप गेला, त्याच मळ्यात त्या सापाचं औषध परत आलं. साप लांब नेण्याच्या सगळ्या गोष्टींमध्ये मला ही सगळ्यात शहाणी वाटते.

औषध मागे राहिलं तर

आता उलटी बाजू. सप्टेंबर १९५७, शिकागो. तिथल्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतून आलेला एक साप होता. ओळख पटवण्यासाठी तो फील्ड म्युझियममध्ये कार्ल श्मिट यांच्याकडे पाठवला. श्मिट हे त्या काळातले मोठे सर्पतज्ज्ञ. तो साप निघाला बूमस्लँग, आणि तो त्यांच्या अंगठ्याला चावला. साप लहान होता, म्हणून त्यांनी फार मनावर घेतलं नाही. घरी जाऊन स्वतःची लक्षणं वेळेनुसार वहीत लिहीत बसले. दुसऱ्या दिवशी ते गेले. बूमस्लँगचं प्रतिविष होतं, पण ते आफ्रिकेत.

हे जुनं झालं म्हणाल, तर जून २०२५ ची बातमी आठवा. थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर कस्टम्सला ४७ विषारी साप सापडले. ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, आणि ३ शेपटीला कोळ्यासारखा आकार असलेले व्हायपर, जे मूळचे इराणकडचे. बॅग उघडणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा ती उचलणाऱ्या कामगाराला त्यातला एखादा चावला असता तर? आपल्याकडचं इंजेक्शन चारच सापांवर बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पाळायची हौस एकाची, आणि जीव धोक्यात दुसऱ्याचा.

मग आपली कुपी कुठून येते?

भारतात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतून येतं. इरुळा आदिवासी पूर्वी कातड्याच्या धंद्यासाठी साप पकडायचे. १९७६ मध्ये कातड्याची निर्यात बंद झाली आणि त्यांची रोजीरोटी गेली. मग रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, तोंडाला कापड बांधलेल्या मडक्यात ठेवतात, काही आठवडे विष काढतात, खूण करून पुन्हा जंगलात सोडतात. हे साप मुख्यतः चेंगलपट्टू आणि कांचीपुरम भागातले.

तिथलं सुकवलेलं विष कंपन्यांकडे जातं, घोड्यांना टोचलं जातं, आणि शेवटी कुपी बनून हजार किलोमीटरहून लांब आपल्या सरकारी दवाखान्यात पोचते.

आता सुरुवातीचा प्रश्न. चेंगलपट्टूची घोणस आणि शहापूरची घोणस, जात एकच. विष पण एकच का? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने गेल्या काही वर्षांत हेच तपासलं. उत्तर असं की एकाच जातीचं विषसुद्धा प्रदेशाप्रमाणे बदलतं, आणि सध्याचं इंजेक्शन काही ठिकाणच्या विषावर कमी पडतं. राजस्थानातलं फुरसं हे त्याचं ठळक उदाहरण.

नीट ऐका, याचा अर्थ इंजेक्शन निरुपयोगी आहे असा नाही. ते जीव वाचवतं, आणि दुसरा उपाय नाही. पण भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला. ते जमायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या सापांचं विषही औषध बनवायला वापरलं गेलं पाहिजे, असं मला वाटतं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं पाणी आमच्या भातसा धरणातून जातं. आमच्या सापांचं विष परळपर्यंत जायला काय हरकत आहे?

आवणीच्या दिवसांत

शेवटी आपल्याकडचा एक सापप्रवास, जो आजही होतो. दंश झाला की लोक सापाला मारतात, गोणीत घालतात आणि पेशंटबरोबर दवाखान्यात नेतात. हे करू नका. साप शोधण्यात वेळ जातो, दुसऱ्यालाही दंश होऊ शकतो, आणि नुकतं तुटलेलं डोकंसुद्धा चावू शकतं. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात, आणि चारही सापांवर इंजेक्शन एकच आहे. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तर सोडून द्या.

करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, भगताकडे जायचं नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, पेशंटला चालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा, ती पोचायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघायचं. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरून पावसात निघालेल्या माणसासाठी अर्धा तास ही फार मोठी गोष्ट असते.

हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की पाठवा, आवणी सुरू व्हायच्या आत. भेटू पुढच्या भागात.