सांस्कृतिक अभ्यास : कळीच्या संकल्पनांची ओळख

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात 'सांस्कृतिक कार्यक्रम' या मथळ्याखाली जे छापले जाते, त्याच्याशी 'सांस्कृतिक अभ्यास' या ज्ञानशाखेचे नाते दूरचे आहे. इंग्रजी, समाजशास्त्र, माध्यमविद्या किंवा स्त्री-अभ्यास घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या-दुसऱ्या सत्रातच 'हेजेमनी', 'आयडिऑलॉजी', 'रिप्रेझेंटेशन' हे शब्द भेटतात. बहुतेकांची ही भेट गाइडमधल्या दोन ओळींच्या व्याख्येपुरती असते. व्याख्या पाठ होते, गुणही मिळतात. पण कोणत्या प्रश्नांशी झुंजताना हे शब्द घडले, ते ठाऊक नसल्याने परीक्षेबाहेर त्यांचा उपयोग करता येत नाही. म्हणून यातील काही शब्दांची ओळख, ते जिथे घडले त्या संदर्भासह, येथे करून देत आहोत.

प्रौढांच्या वर्गातून विद्यापीठात

या ज्ञानशाखेचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये झाला, आणि तोही प्रतिष्ठित विद्यापीठांच्या दालनांत नव्हे. रिचर्ड हॉगर्ट, रेमंड विल्यम्स आणि ई. पी. थॉम्प्सन हे तिघेही या काळात प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत शिकवत होते. हॉगर्ट लीड्सच्या कामगारवस्तीत वाढलेले, तर विल्यम्स वेल्समधील एका रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या माणसांना साहित्य शिकवताना, आपल्या अभ्यासक्रमात या माणसांच्या जगण्याला कुठेच जागा नाही, हे त्यांना जाणवत गेले. हॉगर्ट यांचे 'द यूजेस ऑफ लिटरसी' १९५७ मध्ये, विल्यम्स यांचे 'कल्चर अँड सोसायटी' १९५८ मध्ये आणि थॉम्प्सन यांचा इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे १९६४ मध्ये हॉगर्ट यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन सांस्कृतिक अभ्यास केंद्र स्थापन केले. त्यासाठी पेंग्विन प्रकाशनाचे अॅलन लेन यांनी अर्थसाह्य दिले. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवरील १९६० च्या खटल्यात हॉगर्ट यांनी पेंग्विनच्या बाजूने साक्ष दिली होती, ही पार्श्वभूमी त्यामागे होती. केंद्रात रुजू झालेले स्टुअर्ट हॉल हे मूळचे जमैकाचे. १९५१ मध्ये शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला आले होते. १९६८ पासून १९७९ पर्यंत केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. विद्यार्थी आणि शिक्षक गटाने संशोधन करत, गटाने लिहीत आणि कच्चे निबंध स्टेन्सिलवर काढून वाटत. आज जगभरच्या अभ्यासक्रमांत असलेला हॉल यांचा 'एन्कोडिंग-डीकोडिंग' हा निबंध १९७३ मध्ये प्रथम असाच बाहेर आला.

संस्कृती म्हणजे काय?

मॅथ्यू अर्नोल्डने १८६९ मध्ये संस्कृतीची जी कल्पना मांडली, तिच्यात मानवाने निर्माण केलेले सर्वोत्तम तेवढेच बसत होते. विल्यम्स यांनी ती चौकट मोडली. त्यांच्या मते या शब्दाचे किमान तीन अर्थ एकमेकांत गुंतले आहेत : बौद्धिक-आत्मिक विकास, कलाकृती, आणि एखाद्या समाजाची संपूर्ण जीवनपद्धती. तिसरा अर्थ मान्य केला, की चाळीतले नळावरचे भांडण, सिनेमाचे पोस्टर आणि लग्नपत्रिकेची भाषा हेही अभ्यासविषय ठरतात. मराठी विद्यार्थ्याला येथे एक जादा अडचण येते. आपल्या 'संस्कृती' या शब्दातच 'संस्कार' दडलेला आहे. त्यामुळे 'सुसंस्कृत' म्हणजे चांगला, हा निवाडा आपण अभ्यास सुरू होण्याआधीच देऊन बसतो. तो बाजूला ठेवणे ही या विषयाची पहिली अट आहे.

चिन्ह आणि मिथक

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचे 'मिथॉलॉजीज' हे छोटेखानी पुस्तक १९५७ चे. त्यातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 'पारी माच' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच लष्करी गणवेशातला एक कृष्णवर्णीय तरुण सलाम करताना दिसतो. चित्राचा साधा अर्थ एवढाच, की एक सैनिक सलाम करतो आहे. मात्र त्यावर दुसरा अर्थ स्वार होतो : फ्रान्सचे साम्राज्य थोर आहे आणि तिची सर्व लेकरे, रंगभेद न पाहता, निष्ठेने तिची सेवा करतात. अल्जीरियात १९५४ पासून स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना हे चित्र छापले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या अर्थाचे काम कळते. इतिहासाने घडवलेली गोष्ट निसर्गसिद्ध भासवणे, याला बार्थ 'मिथक' म्हणतात. पुराणकथा या अर्थाने तो शब्द येथे घेऊ नये.

धुरीणत्व : संमतीचे राजकारण

'हेजेमनी'ला मराठीत कुणी 'वर्चस्व' म्हणतात, कुणी 'धुरीणत्व'. दुसरा पर्याय अधिक नेमका वाटतो, कारण 'वर्चस्व' म्हटले की बळजबरी डोळ्यांपुढे येते, आणि अंतोनियो ग्राम्शी यांना नेमके तेवढेच सांगायचे नव्हते. इटलीतील या कम्युनिस्ट नेत्याला मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये अटक केली. तुरुंगात त्यांनी वह्यांमागून वह्या लिहिल्या आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. या वह्यांतील निवडक भाग १९७१ मध्ये इंग्रजीत आला आणि बर्मिंगहॅमच्या मंडळींना हवी असलेली किल्ली सापडली.

ग्राम्शींचा प्रश्न असा होता : थोडे लोक पुष्कळांवर राज्य करतात ते केवळ पोलीस आणि सैन्याच्या जोरावर का? तसे असते तर राज्य टिकवणे फार महाग पडले असते. प्रत्यक्षात शाळा, चर्च, वर्तमानपत्रे, साहित्य यांतून सत्ताधारी वर्गाचे जगाकडे पाहणे हळूहळू सर्वांचे 'व्यवहारज्ञान' बनते आणि शासित स्वतःच संमती देतात. मात्र ही संमती एकदा मिळाली की कायमची, असे नसते. ती सतत मिळवावी लागते, त्यासाठी तडजोडी कराव्या लागतात, आणि म्हणूनच संस्कृती हे झगड्याचे मैदान ठरते. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत नेमका हा उत्तरार्ध गाळलेला असतो.

एक खटला, एक शब्द आणि वर्तमानपत्रे

या संकल्पनेचा उपयोग कसा होतो, हे पाहायचे तर हॉल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी लिहिलेले 'पोलिसिंग द क्रायसिस' (१९७८) हे पुस्तक वाचावे. नोव्हेंबर १९७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात तीन मुलांनी एका माणसाला मारहाण करून लुटले. पुढील वर्षी मार्चमध्ये निकाल लागला. त्यांपैकी सोळा वर्षांच्या मुलाला २० वर्षांची, तर अन्य दोघांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेचा हा आकडा गुन्ह्याच्या मानाने इतका मोठा का, या प्रश्नापासून हा अभ्यास निघाला.

त्या वेळी ब्रिटिश वर्तमानपत्रांत 'मगिंग' हा शब्द गाजत होता. तो अमेरिकेतून आलेला होता. ब्रिटनच्या कायद्यात या नावाचा गुन्हाच नव्हता, आणि रस्त्यावरची लुटालूट काही नवी नव्हती. पण शब्दासोबत अमेरिकी शहरांतील वंशसंघर्षाची, भयाची सारी चित्रे आयात झाली आणि जुन्या गुन्ह्याला नवी साथ असल्याचे रूप आले. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये अशा प्रकाराला 'नैतिक घबराट' म्हटले होते. एखाद्या गटाला सैतान ठरवायचे, धोका फुगवायचा आणि मग कठोर उपायांची मागणी करायची, असा हा क्रम असतो.

हॉल आणि सहकारी त्याही पुढे गेले. बातमीदार खोटे लिहितात, असा आरोप त्यांनी केला नाही. त्यांचे म्हणणे अधिक अडचणीचे आहे. बातमी वेळेत द्यायची, विश्वासार्ह सूत्राचा हवाला द्यायचा, म्हणून बातमीदार प्रथम पोलीस, न्यायाधीश आणि मंत्री यांच्याकडे जातो. घटनेचा अर्थ काय, हे पहिल्यांदा तेच सांगतात. नंतर बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या अर्थाच्या चौकटीतच बोलावे लागते. या पहिल्या वक्त्यांना पुस्तकात 'प्राथमिक व्याख्याकार' म्हटले आहे. मग न्यायाधीश जनमताचा दाखला देतात, जनमत म्हणजे काय ते वर्तमानपत्रातून कळते, आणि वर्तमानपत्र न्यायाधीशांच्या शब्दांचा मथळा करते. वर्तुळ पूर्ण होते. रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यांना फोन करून 'आज काय विशेष?' असे विचारणाऱ्या कोणाही वार्ताहराला ही पाने वाचताना चुळबुळ वाटल्यावाचून राहत नाही.

पुस्तकाचा शेवटचा मुद्दा धुरीणत्वाचा. सत्तरीच्या दशकात ब्रिटनची अर्थव्यवस्था डळमळत होती, संप वाढत होते, महायुद्धानंतरची सर्वसंमती विरत चालली होती. संमती ओसरली की राज्यसंस्था बळाकडे वळते, आणि त्या बळाला नव्याने संमती मिळवण्यासाठी 'कायदा आणि सुव्यवस्था' ही हाक उपयोगी पडते. कृष्णवर्णीय तरुण त्या हाकेचे लक्ष्य झाले.

प्रेक्षक काय करतो?

माध्यमे एवढी प्रभावी असतील तर वाचक-प्रेक्षक ही केवळ मातीची भांडी समजायची काय? हॉल यांचे उत्तर नकारार्थी आहे. कार्यक्रम तयार करताना त्यात एक अर्थ संकेतबद्ध केला जातो. पाहणारा तो उलगडतो तेव्हा तीन शक्यता असतात : तो अर्थ जसाच्या तसा स्वीकारणे, काही स्वीकारून काही आपल्या अनुभवाप्रमाणे वाकवणे, किंवा तो ओळखून धुडकावणे. डेव्हिड मॉर्ली यांनी बीबीसीच्या 'नेशनवाइड' कार्यक्रमाचे भाग वेगवेगळ्या गटांना दाखवून हे तपासले आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बँक व्यवस्थापकांना कार्यक्रमाच्या मांडणीत खटकण्याजोगे फारसे काही दिसले नाही. कारखान्यांतील कामगार प्रतिनिधींनी तिला विरोध केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मात्र विरोधही केला नाही. त्या कार्यक्रमाचा आपल्याशी काही संबंध आहे, असेच त्यांना वाटले नाही. तीन खणांच्या तक्त्यात न बसणारे हे उत्तर सर्वांत बोलके म्हणावे लागेल.

भारतात पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील दूरदर्शनच्या प्रेक्षक स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आला. 'महाभारत' मालिकेतील द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रसंगात अनेकींना धर्मकथेपेक्षा स्वतःची असुरक्षितता आणि स्वतःचा संताप दिसला होता.

कोण राहून गेले?

बर्मिंगहॅम केंद्राच्या कामावर पहिली सणसणीत टीका केंद्रातूनच झाली. पॉल विलिस यांच्या 'लर्निंग टू लेबर' (१९७७) या पुस्तकात शाळेची टर उडवणारी कामगारांची मुले त्याच बंडखोरीमुळे पुन्हा कारखान्यातच कशी पोहोचतात, याचे चटका लावणारे चित्र आहे. पण या 'उपसंस्कृतीं'च्या अभ्यासांत मुली कुठे आहेत, असा प्रश्न अँजेला मॅकरॉबी आणि इतर विद्यार्थिनींनी विचारला. १९७८ मध्ये स्त्री-अभ्यास गटाचे आणि १९८२ मध्ये पॉल गिलरॉय व सहकाऱ्यांचे वंशविषयक पुस्तक आले. त्यानंतर वर्गाच्या जोडीला लिंगभाव आणि वंश हे शब्द टाळणे कुणालाच शक्य राहिले नाही.

महाराष्ट्रात या यादीत जात येते. तत्कालीन पुणे विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांनी २००२ मध्ये लावणी आणि पोवाडा यांवर लिहिलेला निबंध या दृष्टीने मूलभूत आहे. लोककला म्हणून गौरवायची की अश्लील म्हणून नाक मुरडायचे, या नेहमीच्या वादाऐवजी त्या विचारतात, की हे श्रम कोणत्या जातींच्या स्त्री-पुरुषांनी केले, आस्वाद कोणी घेतला आणि प्रतिष्ठा कोणाच्या पदरात पडली? सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हेच प्रकार वेगळ्या हेतूने कसे वापरले, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांची 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना, म्हणजे अभिरुचीही वारशाने मिळते आणि पैशासारखी वापरता येते हा विचार, येथे ताडून पाहता येईल. मात्र जातीचे शुद्ध-अशुद्ध बुर्द्यूंच्या फ्रान्समध्ये नव्हते, हे विसरू नये.

बर्मिंगहॅमचा विभाग २००२ मध्ये विद्यापीठाने विद्यार्थ्यांचा विरोध डावलून बंद केला. आदल्या वर्षीच्या संशोधन मूल्यमापनात त्याला अपेक्षेहून कमी श्रेणी मिळाली होती. हॉल १९७९ मध्येच मुक्त विद्यापीठात गेले होते. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मुक्त विद्यापीठातील घरबसल्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये सोनीच्या वॉकमनवर एक पाठ्यपुस्तक लिहिले. नवख्यांनी आरंभ तेथूनच करावा. एकाच वस्तूला त्यात पाच बाजूंनी प्रश्न विचारले आहेत : ती जाहिरातीत कशी दाखवली जाते, ती वापरणारा स्वतःला कोण समजतो, ती कोणी व कशी बनवली, लोक तिचे प्रत्यक्षात काय करतात, आणि तिच्यावर कोणते नियम येतात. वॉकमन आता अडगळीत गेला आहे. त्याच्या जागी खिशातला मोबाइल ठेवून हे पाचही प्रश्न क्रमाने विचारता येतात.